वहीत पेन्सिलने काढलेला काल्पनिक गेमचा नकाशा डिजिटल रंगीत कसा करू? गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरी स्कॅनर नाही, लॅपटॉप जुना आहे.

रेषा काळ्या वॉटरप्रूफ पेनने गिरवून पेन्सिल खोडा, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचा, स्कॅन घ्या आणि क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवा. ते फुकट आहे. डीपीआय स्वतः सांगा, कागदपत्रांच्या सवयीने तो कमीच ठेवेल. फाईल पेनड्राइव्हवरच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आली की दाबली जाते आणि नदीचे बारीक फाटे पुसट होतात.

क्रितात लेव्हल्स या उजळ-गडदपणा बदलणाऱ्या फिल्टरने कागद पांढरा, शाई काळी करा. त्यातली पांढरी खूण फार डावीकडे ओढू नका, डोंगराच्या सावलीच्या बारीक रेघा आधी उडतात. मग स्कॅनचा तो लेयर (चित्राचा थर) मल्टिप्लाय या ब्लेंडिंग मोडवर (थर एकमेकांत मिसळायची पद्धत) टाकून सगळ्यात वर ठेवा आणि रंग खालच्या लेयरवर भरा. पांढरा भाग दिसेनासा होतो, रेषा शाबूत राहतात. ६०० वर ए४ पान ४९६० × ७०१६ पिक्सेलचं होतं. लॅपटॉप अडखळला तर सफाईनंतर चित्राचं माप निम्मं करा.

नकाशा ए३ असेल तर मात्र साध्या स्कॅनरवर मावणार नाही. मधला साधारण १ सेंमी भाग दोन्हींत येईल असे दोन स्कॅन घ्या, कागद न फिरवता फक्त सरकवून. मोबाईलच वापरायचा तर ओसरीच्या सावलीत, बरोबर वरून. थेट उन्हात हाताची सावली पडते.