नायट्रोजन की साधी हवा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मोटारीला नवे टायर बसवले तेव्हा दुकानदाराने त्यांत नायट्रोजन भरला आणि व्हॉल्व्हला हिरवी टोपणे लावून दिली. नायट्रोजनमुळे टायर तापत नाही, फुटत नाही, मायलेज वाढते आणि महिनोन् महिने हवा पाहावी लागत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मे महिन्यात कुटुंबासह समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचे आहे. पेट्रोल पंपावर साधी हवा फुकट मिळत असताना दर वेळी पैसे मोजून नायट्रोजन भरून घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नायट्रोजनमुळे आपल्या टायरचे काहीही नुकसान होणार नाही आणि तो विनामूल्य मिळत असेल तर तो जरूर घ्यावा. मात्र दुकानदाराने सांगितलेल्या गोष्टींत खरा फायदा अगदी थोडा आहे आणि ‘हवा पाहावी लागत नाही’ हे शेवटचे वाक्य तर आपण मनातून काढूनच टाकावे, कारण उन्हाळ्यातल्या महामार्गावर त्याच वाक्यापायी जिवावर बेतू शकते.

खरा भाग आधी सांगतो. आपण ज्याला साधी हवा म्हणतो तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्यात जवळजवळ २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याच्या आसपास आर्गॉन असतो. टायरचे रबर वरून घट्ट दिसले तरी वायूचे रेणू त्यातून हळूहळू झिरपत बाहेर जातात, आणि ऑक्सिजन हा नायट्रोजनपेक्षा तीन ते चार पट वेगाने झिरपतो. त्यामुळे ऑक्सिजन जवळजवळ नसलेला टायर आपला दाब अधिक काळ टिकवून धरतो, हे विज्ञानाला धरूनच आहे. प्रश्न आहे तो या फरकाच्या मापाचा. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकाने २००६-०७ मध्ये टायरच्या ३१ प्रकारांवर वर्षभर चाचणी केली. प्रत्येक प्रकारच्या एका टायरमध्ये साधी हवा आणि दुसऱ्यात नायट्रोजन ३० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) भरून ते उघड्यावर ठेवण्यात आले. वर्षअखेर साध्या हवेच्या टायरचा दाब सरासरी ३.५ पीएसआयने, तर नायट्रोजनच्या टायरचा सरासरी २.२ पीएसआयने उतरला होता. म्हणजे बारा महिन्यांत पडलेला फरक १.३ पीएसआयचा, आणि नायट्रोजन भरलेल्या टायरचा दाबही उतरतच होता.

हा फरक केवढा आहे हे आपल्याला नाशिकमध्ये बसून सहज पडताळता येईल. तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरले की मोटारीच्या टायरमधला दाब सुमारे दीड पीएसआयने कमी होतो, मग आत कोणताही वायू असो. ऑक्टोबरच्या दुपारी नीट भरलेला टायर डिसेंबरात निफाडकडच्या पहाटेला नायट्रोजनने वर्षभरात वाचवलेल्या दाबापेक्षा अधिक दाब सहज गमावतो. शिवाय प्रत्यक्ष वापरातली गळती केवळ रबरातून होत नाही. व्हॉल्व्हची पिन सैल होते, खड्ड्यात आदळून रिमची कडा वाकते, कुठेतरी बारीक खिळा रुतून बसलेला असतो, आणि या वाटांनी हवा जितकी जाते तितकाच नायट्रोजनही जातो.

‘टायर तापत नाही’ हे म्हणणे मुळातच चुकीचे आहे. टायर तापतो तो आतल्या वायूमुळे नव्हे, तर दर फेऱ्याला जमिनीशी दबून पुन्हा उसळणाऱ्या त्याच्या बाजूंमुळे आणि रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यामुळे. रबर असे सतत वाकत-सरळ होत राहिले की त्यात उष्णता निर्माण होते. वेग, वजन आणि रस्त्याचे तापमान तिच्यात भर घालतात. तापल्यावर दाब किती वाढावा हेही वायूच्या नावावर ठरत नाही. कोरडी हवा असो वा नायट्रोजन, २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर धावून ५५ अंशांपर्यंत तापला तर दाब सुमारे ३८ पीएसआयपर्यंत चढतो. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरलेली असते. म्हणूनच मोटार बनवणारी कंपनी जो दाब सांगते तो थंड टायरचा असतो.

मायलेजचेही तेच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार चारही टायरचा सरासरी दाब एक पीएसआयने कमी झाला की इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणारी आणि लिटरमागे पंधरा किलोमीटर देणारी मोटार ८०० लिटर पेट्रोल पिते. वर्षभर कोणीही हवा भरलीच नाही असे धरले, तरी नायट्रोजनमुळे वर्षाकाठी वाचेल ते जेमतेम एक लिटर. महिन्यातून एकदा हवा भरणाऱ्याच्या बाबतीत एवढेही वाचत नाही.

आता आपल्या प्रवासाविषयी, कारण मला खरी काळजी वाटते ती त्याची. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, रस्ता काँक्रीटचा आहे आणि मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. शहरात सिग्नल आणि गर्दी टायरला अधूनमधून उसंत देतात. इथे तो तासन् तास एकाच वेगाने तापत राहतो. हा मार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा सुरू झाली आणि तिच्याबरोबरच नायट्रोजनचा आग्रहही वाढला. त्याआधी, २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत टायरमध्ये नायट्रोजन अनिवार्य करण्याचा विचार बोलून दाखवला होता. खासगी मोटारींवर आजही तशी सक्ती नाही. टायर फुटण्याचे नेहमीचे कारण पाहिले तर ते वायूत सापडत नाही, कमी दाबात सापडते. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू अधिक दबतात, अधिक दबल्या की अधिक तापतात, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि भरधाव वेगात एका क्षणी पट्टा उकलतो. ‘उन्हाळ्यात हवा वाढते म्हणून चार-पाच पॉइंट (पीएसआय) कमीच ठेवा’ हा सल्ला पुष्कळ जण आपुलकीने देतात, पण तो नेमका याच अपघाताकडे नेणारा आहे.

म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, तर निघायच्या सकाळी, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर, दाब तपासावा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीची पट्टी असते आणि तीवर बहुधा दोन आकडे दिलेले असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. कुटुंब आणि सामान घेऊन जाताना दुसरा आकडा पाळावा. पुढे वाटेत चहाला थांबल्यावर दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर ती कमीच पडेल. स्टेपनी विसरू नये. जुन्या टायरवर अवलंबून असलेल्या वाचकांनी नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली नाही ना हे पाहावे, आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडी चिन्हही वाचावे. ‘२३२१’ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. बाजूंना बारीक भेगा पडलेला टायर नायट्रोजनने तरुण होत नाही.

प्रश्न : टायरमध्ये नायट्रोजन असताना गावी साधी हवा भरावी लागली. दोन्ही मिसळले तर टायर फुटतो असे ऐकले आहे. आता पुन्हा सगळी हवा काढावी का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अजिबात नाही. साधी हवा हेच मुळात नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे मिश्रण आहे, त्यामुळे ‘मिसळण्या’त कोणताही धोका नाही. धोका आहे तो नायट्रोजन मिळेपर्यंत कमी दाबावर गाडी दामटण्यात. आपण हवा भरलीत तेच योग्य केलेत.

या निमित्ताने शुद्धतेचा हिशेब सांगतो, कारण पैसे त्यासाठीच घेतले जातात. दुकानातले यंत्र सभोवतालच्याच हवेतून ऑक्सिजन आणि बाष्प गाळून नायट्रोजन वेगळा करते. तो ९५ टक्के शुद्ध आहे असे धरू. मोकळा करून रिमवर चढवलेल्या टायरमध्येसुद्धा बाहेरच्या वातावरणाच्या दाबाएवढी साधी हवा भरलेलीच असते. तिच्यावर ३३ पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरला तर आतले प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाते. सगळे सोडून पुन्हा भरले तर ९३ टक्क्यांपर्यंत. परंतु २८ वर उतरलेल्या साध्या हवेच्या टायरमध्ये वरून पाच पीएसआय नायट्रोजन ‘मारला’, तर आतले प्रमाण ७८ वरून जेमतेम ८० टक्क्यांवर जाते. हिरवे टोपण मात्र दोन्ही टायरना सारखेच लागते. तेव्हा नायट्रोजन घ्यायचाच असेल तर आतली हवा पूर्ण सोडून, शक्यतो दोनदा, भरून घ्यावा. नुसत्या वरच्या भरणीसाठी पैसे मोजू नयेत.

प्रश्न : विमानाच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या टायरमध्ये नायट्रोजनच वापरतात. मग तो आपल्या गाड्यांना उपयोगी का नसावा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : विमानातले कारण वेगळे आहे आणि ते फार मोठी किंमत देऊन कळले. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेले मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ कोसळले आणि त्यातील सर्व १६७ जण मृत्युमुखी पडले. ब्रेक अतोनात तापला होता आणि त्या चाकाच्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. अतिउष्णतेने रबरातून ज्वलनशील वायू सुटले, हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांचा संयोग झाला आणि आतच स्फोट होऊन विमानाच्या इंधनाच्या व अन्य नळ्या तुटल्या. त्यानंतर १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरणे आणि ऑक्सिजनचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवणे बंधनकारक केले. मोटारीचा टायर नेहमीच्या वापरात त्या तापमानाच्या आसपासही जात नाही.

शर्यतीतले कारण मात्र आपल्या चिपळूणच्या फार जवळचे आहे, ते म्हणजे पाणी. पाण्याची वाफ झाली की दाब कोरड्या वायूपेक्षा अधिक आणि बेभरवशाने वाढतो; शर्यतीत अर्ध्या पीएसआयनेही गाडीची पकड बदलते, म्हणून तिथे कोरडा वायू लागतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठत राहते. टाकीच्या तळाचा नळ रोज उघडून ते काढून टाकायचे असते आणि अनेक ठिकाणी ते होत नाही. हवा भरण्याआधी पाइपचे तोंड क्षणभर तळहातावर सोडायला सांगावे; हात ओला झाला तर तिथे हवा भरू नये. असे पाणी लोखंडी रिमला आतून गंज आणते आणि टायरचा दाब मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत त्यालाही ते बाधते. आपल्या भागात कोरड्या हवेची खात्री देणारा पंप नसेल, तर नायट्रोजनवर थोडे पैसे खर्च करणे मला गैर वाटत नाही. मोटारमालकासाठी नायट्रोजनचा सर्वांत पटणारा फायदा हाच आहे, आणि विकणारे नेमका तोच सांगत नाहीत.

प्रश्न : माझे दोन ट्रक आहेत. टायरवर दोनदा रिमोल्ड करून घेतो, म्हणजे झिजलेल्या टायरवर नव्या नक्षीचा थर चढवून घेतो. मला नायट्रोजन परवडेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपला प्रश्न मोटारवाल्यांपेक्षा निराळा आहे. मोटारीच्या टायरची नक्षी काही वर्षांत झिजते आणि टायर फेकला जातो, त्यामुळे ऑक्सिजनमुळे आतून रबर कडक होण्याची क्रिया मंदावली तरी मालकाच्या हाती फारसे काही लागत नाही. ट्रकच्या टायरचा सांगाडा मात्र रिमोल्ड करून पुन्हा वापरायचा असतो, आणि शंभर पीएसआयच्या वरच्या दाबाखाली ऑक्सिजन त्याच्या थरांत अधिक जोराने शिरतो. सांगाडा जितका निरोगी, तितकी दुसऱ्या रिमोल्डची शाश्वती अधिक. म्हणून नवा टायर चढवल्यापासूनच नायट्रोजन भरत राहणे आपल्याला फायद्याचे ठरू शकते, मात्र गाड्या जिथून निघतात तिथेच तो मिळत असेल तर.

त्याआधी एक गोष्ट करावी. चालक लोखंडी पान्याने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखतात. त्यातून साफ बसलेला टायर कळतो, पण वीस पीएसआयने उतरलेला कळत नाही. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा कमी असली की सगळे वजन बाहेरच्यावर येते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्यावी, प्रत्येक केबिनमध्ये एक चांगला गेज ठेवावा आणि माल भरण्याआधी, टायर थंड असताना, सर्व चाकांचे आकडे चालकाकडून वहीत लिहून घ्यावेत.