तोरणमाळचं तळं पायी गाठायचं आहे

प्रश्न : सर, आम्ही अमळनेरचे चौघं मित्र आहोत, चाळिशी ओलांडलेले. रोज सकाळी सडकेवर तासभर चालतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्यापासून जंगलातून पायी चढून तोरणमाळच्या यशवंत तलावापर्यंत जायचं आणि त्याच दिवशी पायीच खाली यायचं, असं ठरवतो आहोत. मोबाईलमध्ये नकाशा आहे. वाटाड्या घेतलाच पाहिजे का? आणि तयारी काय करावी?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आधी बेतातली एक गोष्ट बदला. चढा पायी, पण उतरा एसटीनं, आणि तेही दुसऱ्या दिवशी.

कारण उजेडाचं आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. डोंगराच्या घळीत तर ऊन चार-साडेचारलाच निघून जातं. म्हणजे हातात जेमतेम दहा तास. त्यातले सहा-सात चढण्यात आणि थांबण्यात गेले की तळ्याकाठी बसायला अर्धा तास उरतो, तोही घड्याळाकडे बघत. मग थकल्या पायांनी उतरायचं. चढताना दम लागतो, पण पाय मोडतात ते उतरताना. वाळलेली माती, त्यावर सागाची पानं, पानांखाली गोल खडी. दिवसभर चाललेल्या गुडघ्याला हे पेलत नाही. तळं गाठलं की सहल पूर्ण झाली असं वाटतं, खरं तर तिथं निम्मीच वाट झालेली असते. माणसं अंधारात अडकतात ती बहुतेक या दुसऱ्या निम्म्यात.

म्हणून वर मुक्काम करा. वनखात्याचं विश्रामगृह आहे, राहायची इतरही सोय आहे, पण नाताळच्या सुट्टीत ती आधी ठरवल्याशिवाय मिळत नाही. माळाची उंची अकराशे मीटरच्या वर आहे. दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. अमळनेरला ज्या दिवशी नुसता स्वेटर पुरतो त्या दिवशी तिथं रात्री कानटोपी आणि घोंगडी लागेल. हे ओझं पाठीवर वाहू नका. एखाद्याला गाडीनं सामान घेऊन वर पाठवा.

आता वाट. शहाद्याहून म्हसावद, तिथून राणीपूर, पुढे काळापाणी आणि मग ‘सात पायरी’चा घाट, असा सडकेचा रस्ता आहे. राणीपूरपासून चालायचं म्हणाल तर दिवस पुरणार नाही, म्हणून काळापाणीपर्यंत जीपनं या. आदल्या रात्री शहाद्याला मुक्काम केलात तर सूर्य उगवायच्या सुमारास तिथं पोचता येईल. पुढे गावकऱ्यांच्या पायवाटा आहेत. त्या कधी सडकेला छेदतात, कधी तिला सोडून जंगलात शिरतात.

वाटाड्या घ्या. मोबाईलमधला नकाशा सडक दाखवतो, पायवाट दाखवत नाही. रेंजही घळीत जाते. शिवाय या डोंगरात माणसांच्या वाटांपेक्षा गुरांच्या वाटा जास्त, आणि दिसायला दोन्ही सारख्याच रुळलेल्या. गुरांची वाट चरणीकडे जाते किंवा पाण्याकडे. माळावर ती जाईलच असं नाही. दोन फाटे आले की कोणता घ्यायचा हे तिथं वाढलेल्या माणसालाच कळतं.

मात्र तो तिथं गेल्यावर सहज मिळेल अशा भरवशावर निघू नका. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या आसपास परततात. डिसेंबरात पाड्यांवर म्हातारी माणसं आणि लहान पोरंच जास्त भेटतात. पंधरा दिवस आधी कुणाकरवी तरी निरोप धाडा, माणूस पक्का करा आणि मजुरी बोलून ठेवा. तुमच्याबरोबर आलेल्या माणसाचा तेवढा रोज बुडतो. म्हणून पूर्ण दिवसाचे पैसे द्या, दुसऱ्या दिवशी परतण्याचं भाडं द्या, आणि तुमच्या डब्यातलं जेवण त्याच्याबरोबर जेवा. त्याला ‘गाईड’ म्हणून हाक मारू नका. नाव विचारा, वयानं मोठा असेल तर दादा म्हणा. मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेत शिकवलं. पावरा आणि भिल्ल घरांमधली माझी मुलं सुट्टीहून डोंगर उतरून-चढून पायी शाळेत यायची. त्यांच्या मागून चालताना मी चालायला शिकलो. ती चढावर घाई करायची नाहीत आणि थांबायचीही नाहीत. पाऊल बारीक, चाल एकसारखी, तोंडानं गप्पा चालू. बोलता येणं बंद झालं की वेग जास्त झाला, एवढा एकच हिशेब. तुम्हीही हाच धरा. चौघांतला जो सगळ्यात सावकाश चालतो त्याला पुढे ठेवा.

सडकेवरचा तासभर पुरेसा नाही, कारण तिथं चढ नाही. तुमच्या गावातच अंबर्षी टेकडी आहे. आतापासून आठवड्यातून तीनदा पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन ती चढा-उतरा, एकदा नाही, दमेपर्यंत. जमलं तर एका रविवारी धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला करून या. बूट या सरावातच रुळवा. नवे कोरे बूट घालून घाटात आलेला माणूस दुपारपर्यंत अनवाणी होतो.

पाणी माणशी तीन ते चार लिटर घ्या. हिवाळा आहे म्हणून कमी नको, थंडीत तहान कळत नाही एवढंच. पाऊस थांबून तीन महिने झालेले असतात, ओढे ठिकठिकाणी आटलेले असतात. एक बाटली साखर-मिठाच्या पाण्याची असू द्या. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा जास्त मीठ नको. खायला कळण्याची किंवा दादर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ आणि शेंगदाणे. केळी आपल्याकडची, पण ती पिशवीत चेंगरतात, म्हणून पहिल्या थांब्यालाच संपवा. तळलेले पदार्थ नकोत. भाकरी एकदम न खाता दर दीड-दोन तासांनी चतकोर खा.

अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट आणि पूर्ण पायाची विजार हवी. ऊन हे एक कारण झालं, मोठं कारण खाजकुयली. तिच्या शेंगा या दिवसांत वाळून वाटेवर झुकलेल्या असतात, आणि त्यांची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस कातडी ओरबाडायला लागतो. लागलीच तर चोळू नका, चोळल्यानं ती पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा. कुसळी गवत मोज्यात घुसतं, त्यासाठी विजारीचे पाय मोज्यांवरून बांधून घ्या. उंच झाडावर किंवा कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून निघून जा. बिडी-काडी नको, अंगाला अत्तर नको. वाळलेल्या गवताच्या डोंगरात काडी ओढणं मला अजिबात सहन होत नाही. त्या एका काडीनं अख्खा उतार काळा झालेला मी पाहिला आहे.

दुपारी बारा वाजता कुठं आहात ते बघा. घाटाचा निम्मा चढ मागे पडला नसेल तर सरळ सडकेवर या आणि जी गाडी मिळेल तिनं वर जा. हे चौघांनी घरीच ठरवून निघा. डोंगरात ऐन वेळी असा निर्णय होत नाही, कुणीतरी ‘थोडंच राहिलं’ म्हणतो आणि बाकीचे ऐकतात.

वाटेत काय बघाल? सालईची झाडं बघा. साल कागदासारखी सुटते, डिंकाला धुपाचा वास येतो. धावडा, साग, मोह, बांबू. आणि उघडे उतारही बघा. तिथं पूर्वी दाट जंगल होतं, आज शेताचे तुकडे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्यातले काही कसणाऱ्यांच्या नावावर झाले. शहरातून आलेला माणूस या उतारांकडे बघून लगेच दोष देतो. तुम्ही देऊ नका. इमारती लाकडासाठी इथला साग पिढ्यान् पिढ्या खाली गेला, आणि आपल्या जुन्या घरांच्या तुळया त्याच सागाच्या आहेत. जंगल विरळ झालं याचं मला फार वाईट वाटतं, आणि ज्यांचं पोट त्या उतारावर आहे त्यांच्याबद्दलही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं.

माळावर पोचलात की तळ्याकाठी निवांत बसा. बाराही महिने पाणी असलेलं एवढं मोठं तळं या उंचीवर दिसलं की एवढं चढून आल्याचं चीज होतं. गोरखनाथाचं मंदिर, सीताखाई आणि खडकी पॉइंट दुसऱ्या दिवशी सकाळी करा. सीताखाईचा धबधबा पावसाळ्यातला, डिसेंबरात तिथं दरीची खोलीच बघायची. कठड्यापलीकडे पाय टाकू नका.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला अशा जंगलात चालायला न्यावं का? सातपुड्यात अस्वलं आहेत म्हणतात. भीती वाटते.
– एक आई, चोपडा

उत्तर : ताई, न्या. पण संपूर्ण घाट नको, गाडीनं माळावर जा आणि तळ्याच्या काठाकाठानं, मग कमळ तलावाकडे, अशी निम्म्या दिवसाची चाल ठेवा. अकरा वर्षांचं मूल मोठ्यांपेक्षा चपळ चालतं, पण थकलं की एकदम थकतं. सांगतही नाही.

अस्वलाची भीती रास्त आहे, पण त्याची रीत समजून घेतली तर धोका पुष्कळ कमी होतो. अस्वल माणसाला खायला येत नाही. ते खातं वाळवी, मुंग्या, मध, बोरं, आणि उन्हाळ्याच्या तोंडी मोहाची फुलं. वारुळात नाक खुपसून बसलं की त्याचं आजूबाजूला लक्ष नसतं, नजरही फारशी चांगली नाही. अशा वेळी माणूस अचानक चार पावलांवर आला की ते बिथरून अंगावर येतं. म्हणून जंगलात बोलत चाला, मुलीला गाणी म्हणू द्या. मोठ्यानं गाणी लावू नका, कारण मग तुम्हालाच काही ऐकू येणार नाही. पहाटे आणि संध्याकाळी पायवाटेवर जाऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली फुलं वेचायला पहाटे बायामाणसं जातात आणि त्याच वेळी अस्वलही येतं. तो महिना मुलीला घेऊन जंगलात चालण्याचा नव्हे. दिसलंच तर पळू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरा, आणि पिल्लं असतील तर आणखी सावध राहा.

साप चावला तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून गाडीपर्यंत आणायचं आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. भगताकडे गेलेला एक तास परत मिळत नाही. रेंज असेल तिथून १०८ ला फोन करा.

प्रश्न : तोरणमाळच्या वाटेवर रानपिंगळा दिसेल का?
– पक्षीप्रेमी, धुळे

उत्तर : दिसू शकतो, आणि आपल्या खान्देशासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे. १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन झालं, १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही, आणि तो नामशेष झाला असं मानलं गेलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो पुन्हा दिसला, तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात. एकशे तेरा वर्षांनी.

घुबडाच्या जातीचा असून तो दिवसा वावरतो. सकाळी सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसलेला शोधा. गावातल्या पिंगळ्यासारखाच दिसतो, पण डोक्यावर ठिपके अगदी पुसट, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोट स्वच्छ पांढरं आणि पंजे दणकट. सरडे आणि उंदीर खातो. हिवाळा त्याच्या विणीचा काळ, घरटं झाडाच्या ढोलीत. म्हणून एक कळकळीची विनंती : मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. परका नर आला असं समजून तो ढोली सोडून येतो, आणि तेवढा वेळ पिल्लं उघडी पडतात. फोटो मिळाला तरी नेमकी जागा कुठं टाकू नका.

प्रश्न : तळ्याचं पाणी प्यायलं तर चालेल का? पोहता येईल का?
– एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : तसंच नको. काठावर गुरं उतरतात, कपडे धुतले जातात. प्यायचं असेल तर फडक्यातून गाळून, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळू द्या. पोहू नका. तळाला गाळ आणि पाणवेली आहेत, पाय गुंततो, आणि हिवाळ्यात त्या पाण्यात पेटके येतात. काठावर बसून पाय बुडवा.