१५ चा पंखा घेऊ नका, आधी भरल्या बोटीवर आरपीएम बघा

तुमची २० फुटी फायबर बोट, ४० एचपीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन काढून ४० चंच फोर-स्ट्रोक बसवताय, विक्रेता १३ पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेरीत किती इंच पुढे सरकेल ते माप) पंखा देतोय आणि वेग मिळावा म्हणून तुम्हाला १५ हवाय. १५ घेऊ नका, आणि जुना पंखाही त्यावर चढवायला जाऊ नका.

जुना पंखा नको, कारण गिअर रेशो, म्हणजे पंख्याच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या होतात ते प्रमाण. जुन्याचा २.०० आणि नव्याचा २.२७ असेल, तर इंजिनाच्या त्याच आरपीएमला पंखा १२ टक्के हळू फिरतो. म्हणजे जुन्या पंख्याचा हिशोब नव्या मशीनला लागत नाही. शिवाय स्प्लाइन, म्हणजे पंखा ज्यात बसतो ते शाफ्टवरचे दाते, जुळतीलच असं नाही.

पंखा ठरवतो टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारं मीटर. रोजचं वजन भरा: माणसं, बर्फ, जाळी, भरलेली टाकी. सपाट पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या आणि आकडा बघा. मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलला आरपीएमची मर्यादा दिलेली असते, समजा ५००० ते ६०००. भरल्या बोटीवर ५३००-५५०० मिळाले तर पंखा बरोबर आहे. पिच एक इंच वाढवला की साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात. १३ वर ५२०० मिळत असतील, तर १५ वर ४८०० च्या आसपास याल. मग मशीन चढावर चौथ्या गिअरमध्ये टाकलेल्या गाडीसारखं कण्हत चालतं, कार्बन धरतं, तापतं. वेगही वाढत नाही. १३ वरच ५००० गाठत नसेल तर १२ किंवा ११ वर या. उलट ६००० च्या वर जात असेल तर एक इंच वाढवा. विक्रेत्याकडून दोन पंखे चाचणीसाठी मागून घ्या. हा हट्ट धराच.

पंख्याआधी ट्रान्सम, म्हणजे मागची फळी. फोर-स्ट्रोक २०-३० किलो जड असतं. पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत बोट वर असताना हातोडीच्या दांड्याने फळी ठोकत जा: टणक आवाज यायला हवा; बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय, आधी ते बदला. फळीच्या माथ्यापासून मध्यरेषेवर तळापर्यंत उभं माप घ्या: १५ इंचाला शॉर्ट शाफ्टचं (आखूड पायाचं) मशीन, २० ला लाँग. बसवल्यावर पंख्याच्या वर असलेली मशीनची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा एक इंच खाली हवी. फार वर राहिली तर वळणावर पंखा हवा ओढतो, आरपीएम उडतात आणि बोट ढिली पडते. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, भोकांत पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको, सुटतं.

पंखा चढवताना शाफ्टला मरीन ग्रीस लावा आणि थ्रस्ट वॉशर विसरू नका. तो राहिला तर पंखा थेट गिअरकेसवर (गिअरच्या पेटीवर) घासतो. खाडीत गाळ आणि दगड असल्याने ॲल्युमिनियमचाच घ्या. दगड लागला तर पातं वाकतं, पण गिअर वाचण्याची शक्यता जास्त. स्टेनलेसचं पातं सहसा वाकत नाही, तो धक्का आत जातो.