गाडी रोज रात्री रस्त्यावरच लावावी लागते. चोरीपासून वाचवायला जीपीएस ट्रॅकर घ्यावा की गिअर लॉक?

या दोनांत गिअर लॉक. ट्रॅकर गाडी गेल्यावर बोलायला लागतो. पण तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, जुनी गाडी असेल तर आधी चोर स्विच बसवा, म्हणजे गाडी चालूच राहू न देणारा, लपवलेला स्विच. आमच्या साडूंनी या स्विचला ‘गॅरेजवाल्याचा जुगाड’ म्हणून भर बारशात माझं हसं केलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पिंपरीत केटरिंगचा धंदा आहे. गाडी ओम्नी, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, इंजेक्शनवाली. ओम्नीच्या कुलपाची लायकी ज्याने वापरली त्याला माहीत, आणि खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या इमोबिलायझरचं तर नावच नको. आमच्या वायरमनने फ्युएल पंपाच्या रिलेच्या वायरीत एक बारीक स्विच टाकून दिला. कुठे, ते लिहिणार नाही. स्विच बंद असला तरी लाइनमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी स्टार्ट होते, थोडी पुढे जाते आणि मान टाकते. साडू म्हणाले, त्यापेक्षा सरळ स्टार्टरचीच वायर तोडायची. अहो, मग चोर तुमच्याच दारात अंधारात निवांत बसून वायर शोधेल. चार लोकांसमोर बंद पडली की त्याला घाम फुटतो.

आणि तसंच झालं. पहाटे चोराने गाडी काढली, ती कोपऱ्यावर जाऊन बसली. तिथे पेपरवाली पोरं पुरवण्या घालत होती. हा सेल्फ मारतोय, मारतोय, बॅटरी रडायला लागली. पोरं बिचारी मदतीला उठली, “काका, धक्का देऊ का?” गाडीच्या पाठीवर माझं नाव हे एवढं मोठं, पोरं मला रोज बघतात, आणि आत भलताच काका! स्टीअरिंगखाली वायरी लोंबतायत. एकाने दार उघडलं तसा तो पलीकडच्या दाराने उडी टाकून पळाला. एक चप्पल राहिली. मागची पातेली, झारे, सगळं जागच्या जागी.

साडूंची गाडी महागातली, बटणावर सुरू होणारी, वर ट्रॅकर. तो ट्रॅकर ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं मशीन लावतो त्या डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये, खोचलेला. चोराने काच फोडून आधी तोच उपटला आणि त्याच पोर्टला मशीन लावून नवी चावी बनवून घेतली. मोबाइलवर गाडी दुपारपर्यंत गेटातच उभी दिसत होती! पुढे क्लेमसाठी दोन्ही मूळ चाव्या, एफआयआर, मग पोलिसांची ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल. फेऱ्या मारून वैतागले. चाव्या दोन्ही होत्या म्हणून निभावलं, एक हरवलेली असती तर कंपनीने तिथेच फाटे फोडले असते.

तर ट्रॅकर घ्यायचाच असेल तर स्वतःची बॅटरी असलेला, आत कुठेतरी दडवून वायरिंग केलेला घ्या, आणि ओबीडी पोर्टला कुलूप लावा. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीची चावी दाराशेजारच्या खिळ्याला टांगू नका, बाहेरून सिग्नल वाढवून गाडी उघडतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या मान्यतेचं चोरीविरोधी यंत्र लावलं तर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर अडीच टक्के सूट असते, पण ती ५०० रुपयांच्या वर जात नाही, तेवढ्यासाठी नाचू नका.

हो, एक राहिलं. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत पेट्रोल तोडून उपयोग नाही, बाउलमधल्या पेट्रोलवर ती बरीच लांब जाते. तिथे इग्निशन कॉइलची वायर धरा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हातच लावू नका, वॉरंटी जाऊ शकते. तिला गिअर लॉक पुरे.

परवा साडूंनी आमच्या वायरमनचा नंबर मागितला. दिला, पण सासुरवाडीत सगळे जेवायला बसले असताना मागायला लावला.