कलम ३७७ गेले, मग समलिंगी विवाहाला मान्यता का नाही? आणि कागदपत्रांवर भागत नाही का?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर लहान आहे. २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण नात्याला दर्जा मिळाला नाही. तो मागणाऱ्या याचिकांवर १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा (धर्म न पाहता नोंदणी विवाह करू देणारा) न्यायालय नव्याने लिहू शकत नाही. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता असावी, हे तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचे मत तीन विरुद्ध दोन असे मागे पडले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्या कायद्यात वराचे वय २१ व वधूचे १८ असून त्यातील वारसाहक्क धर्मागणिक वेगळ्या असलेल्या वैयक्तिक कायद्यांत गुंतलेला आहे, त्यामुळे नुसते शब्द बदलून भागणार नाही, ही अडचण मला खरी वाटते. पण ती सोडवायला संसद आहे, आणि संसदेने तिला अद्याप हात घातलेला नाही.

दुसऱ्या भागाबद्दल मी अनुभवाने सांगू शकते, कारण दस्तांचे मसुदे करणे हाच माझा व्यवसाय आहे. वर्षानुवर्षे एकत्र राहणाऱ्या दोघी माझ्याकडे आल्या होत्या; फ्लॅट एकीच्या नावावर होता आणि तो तिला दुसरीच्या नावे करायचा होता. महाराष्ट्रात राहते घर पती वा पत्नीला बक्षीस दिले, तर त्या दस्ताला मुद्रांक शुल्क २०० रुपये लागते. या दोघी कायद्याने परक्या, म्हणून शुल्क खरेदीखताप्रमाणे बाजारभावावर, म्हणजे काही लाखांत जाणार होते. मसुद्यात नाते काय लिहायचे, असे मी विचारले तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी "स्नेही" असे लिहिले आणि बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र केले, कारण त्याला मुद्रांक शुल्क नसते.

एकत्र बँक खाते उघडण्यास आडकाठी नाही, असे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र खात्यावर किंवा सोसायटीत नामनिर्देशन केल्याने, म्हणजे नॉमिनी नेमल्याने, मालकी मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने सारे कायद्याने ठरवलेल्या नातेवाईक वारसांकडेच जाते.

तेव्हा मृत्युपत्र कराच. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्या आणि दोन्ही साक्षीदार तरुण निवडा, कारण वारसांनी आव्हान दिले तर जबाबाला त्यांच्यापैकी निदान एक जण हयात असलेला बरा.