प्रतिस्पर्ध्याने वेबसाईट कॉपी केली असेल तर आधी पुरावा, मग बोलणं

तुमचा प्रश्न असा की पडदे-बेडशीटच्या तुमच्या वेबसाईटवरची प्रॉडक्टची माहिती, 'आमच्याविषयी'चं पान, फोटो सगळं एका प्रतिस्पर्ध्यानं जसंच्या तसं उचललंय, मेलला उत्तर देत नाही, गूगलवर कधीकधी तोच वर दिसतो, मग आता पोलिसात जावं का. मी सोलापूरची, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेल आणि चादरीचा कारखाना आहे, माग घरचे बघतात, वेबसाईट आणि ऑनलाईन ऑर्डरी मी बघते, आणि अगदी हेच आमच्या बाबतीत होऊन गेलंय. म्हणून जे खरंच कामाला आलं तेच सांगते.

पोलिसाचं नंतर बघू. आधी त्याला पुढचा मेल, फोन, व्हॉट्सॲप काहीच करू नका. कारण दुसऱ्यांदा टोकलं की असली माणसं पान काढत नाहीत, चार शब्द इकडचे तिकडे करतात आणि मग 'हे तर आमचंच आहे' म्हणून उभी राहतात. आज संध्याकाळी बसा आणि त्याचं एकेक पान उघडून पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, वरती पत्ता दिसला पाहिजे, तारीख वेळ दिसली पाहिजे. फोनवर नको, कॉम्प्युटरवर घ्या. मग इंटरनेट आर्काईव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन तिथं त्याच्या पानाचा पत्ता टाकून ते पान सेव्ह करून ठेवा, म्हणजे उद्या त्यानं बदललं तरी बाहेरच्या ठिकाणी त्याची नोंद राहते, तुमच्या शब्दावर कुणाला विश्वास ठेवावा लागत नाही. तिथंच तुमच्या स्वतःच्या साईटच्या जुन्या नोंदी आहेत का तेही बघा, बऱ्याचदा असतात, आणि आधी कुणी लिहिलं हा वाद तिथंच मिटतो.

मग तुमच्या बाजूचा पुरावा. फोटोच्या मूळ फाईली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मोठ्या साईजच्या, व्हॉट्सॲपवरून आलेल्या नाही, त्यात तारीख असते. फोटोग्राफरचं बिल. मजकूर लिहिताना वेबसाईटच्या आत जे जुने ड्राफ्ट साठतात ते. आमचं काम फोटोमुळे सोपं झालं. मागाजवळ सासरे उभे आहेत, बाजूला सुताच्या कोनांचं खोकं, असा एक फोटो होता. त्याच्या साईटवर तोच फोटो, फक्त आडवा पलटी मारलेला, सासऱ्यांचं डोकं कापून खांद्यापासून खाली ठेवलेलं, आणि खोक्यावर छापलेली अक्षरं उलटी. आता आमच्याकडे पूर्ण फोटो, त्याच्याकडे अर्धा आणि उलटा, यावर तो काय बोलणार?

पण मला खरा राग फोटोचा नव्हता आला. 'आमच्याविषयी'च्या पानावर आमच्या आजेसासऱ्यांची गोष्ट आहे, तेलंगणातून सोलापुरात आले, दुसऱ्याच्या हातमागावर कामाला लागले, मग कर्ज काढून स्वतःचा माग घेतला. सासऱ्यांनी अर्धं तेलुगूत अर्धं मराठीत सांगितलं, मी लिहून काढलं. त्या माणसानं गावाचं नाव आणि आडनाव तेवढं बदललं आणि आमचे आजोबा स्वतःचे करून टाकले. सासऱ्यांना दाखवलं तर ते लई वेळ काहीच बोलले नाहीत. त्यामुळे तुम्हाला जे वाटतंय ते मला कळतं, 'जाऊ द्या हो, इंटरनेटवर चालायचंच' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर तक्रार तिथंच अडकते. सगळंच तुमचं नसतं. साईज, जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), एकूण वजन, सुती की पॉलिस्टर, किंमत, ही नुसती माहिती झाली, ती कुणाच्याही साईटवर तशीच असणार, त्यावर कॉपीराईट लागत नाही. कल्पनेवर पण लागत नाही, म्हणजे 'धुण्याच्या सूचना द्यायच्या' ही कल्पना कुणीही वापरू शकतो. पण त्या सूचना तुम्ही ज्या वाक्यांत लिहिल्यात ती वाक्यं तुमची, फोटो तुमचे, गोष्ट तुमची. सुप्रीम कोर्टानं ईस्टर्न बुक कंपनीच्या केसमध्ये हेच धरलंय की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते. म्हणून तक्रारीत ठळक चोरलेलं तेवढंच घ्या. सगळं ओढून ताणून घातलं की समोरच्याला एक चुकीचं सापडतं आणि तो तेवढ्यावरच बोलत बसतो, वर कॉपीराईट कायद्याच्या कलम ६० खाली विनाकारण धमकी दिली म्हणून उलटा दावा करायची सोय पण त्याला आहे.

रजिस्ट्रेशन केलं नाही म्हणून घाबरू नका. १९५७ च्या कायद्यात लिहिल्याक्षणी हक्क तयार होतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, केलेलं असलं तर कोर्टात पुरावा म्हणून बरं पडतं एवढंच. मात्र लिहिलं कुणी ते तपासा! पगारावरच्या माणसानं कामाचा भाग म्हणून लिहिलं असेल तर मालक तुम्ही. पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील तर वेगळा करार नसल्यास त्याचेही मालक तुम्हीच. पण बाहेरच्या फ्रीलान्सरकडून मजकूर लिहून घेतला असेल आणि लेखी काही नसेल तर कायद्यानं मालक तोच राहतो, बिल दिलं तरी. तसं असेल तर तक्रार करायच्या आधी त्याच्याकडून हक्क दिल्याचं सहीनिशी लिहून घ्या, एक पान पुरतं.

मग नोटीस. आम्ही वकिलाकडून साधी एक पानी काढली, कुठली पानं, कुठली वाक्यं, शेजारी शेजारी लावून, सात दिवसांत काढा. मेलनं आणि स्पीड पोस्टनं दोन्हीकडून पाठवली. नोटिशीचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही, कॉपीराईट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा ठरायला समोरच्यानं जाणूनबुजून केलंय हे दाखवावं लागतं, आणि नोटीस हातात पडल्यावरही पान तसंच राहिलं तर 'मला माहीत नव्हतं' म्हणायला जागा उरत नाही. आणि खरंच माहीत नसतं असंही होतं बघा. आमच्या बाबतीत मालकाचाच फोन आला, परराज्यातला वयस्कर व्यापारी, त्यानं एका पोराला साईट बनवायला दिली होती आणि त्या पोरानं आमची उचलून त्याच्या नावावर चिकटवली होती. मालकानं साईट कधी नीट वाचलीच नव्हती. सासऱ्यांशी बोलला, माफी मागितली, दोन दिवसांत गोष्टीचं पान गेलं. म्हणून नोटिशीची भाषा शिवराळ ठेवू नका, पलीकडे कोण बसलंय ते आपल्याला दिसत नसतं.

फोटो मात्र गेले नाहीत, कारण साईट बनवणारा पोरगा मालकाचेही फोन उचलेना. तिथं होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे जिच्या सर्व्हरवर साईट ठेवलेली असते तिच्याकडे, जावं लागलं. साईट कुठं होस्ट आहे ते डोमेनच्या हूइज नोंदीतून (साईटचं नाव कुठं नोंदवलंय ते दाखवणारी यादी) आणि सर्व्हरच्या पत्त्यावरून कळतं, तुमच्या वेबसाईटवाल्याला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. कंपनी भारतातली असेल तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव साईटवर असलंच पाहिजे, २४ तासांत पोच आणि नियमांत ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. २०१३ च्या कॉपीराईट नियमांतला नियम ७५ आणखी कडक आहे, त्यात तक्रार पटली तर ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो, पण तो २१ दिवसांसाठीच, तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात, आणि कोर्टात जाईन असं तक्रारीतच लिहून द्यावं लागतं. म्हणजे हा रस्ता धरायचा तर वकील आधीच तयार पाहिजे. परदेशी कंपनी असेल तर डीएमसीए या अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराईट कायद्याखालची तक्रार चालते, आमची तीच होती, फोटो गेले.

गूगलची तक्रार वेगळी करायची, त्यांचा कॉपीराईटचा फॉर्म आहे, त्यात तुमचं मूळ पान आणि त्याचं चोरलेलं पान अशा जोड्या द्यायच्या. नुसता होमपेजचा पत्ता देऊ नका, एकेक पान द्या. यानं त्याची साईट बंद होत नाही, फक्त शोधात दिसायची थांबते, पण तुमचं दुखणं तेच आहे ना. तुमचं नाव आणि तक्रारीची प्रत ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जाऊ शकते हेही माहीत असू द्या. आणि तो वर का दिसतो, तर सारखी दोन पानं दिसली की गूगल त्यातलं एकच निवडून दाखवतं आणि प्रत्येक वेळी मूळ ओळखतंच असं नाही. तुम्हाला त्यासाठी गूगलकडून कुठली शिक्षा वगैरे झालेली नाही, ते ऐकीव आहे.

राहिला पोलिसांचा प्रश्न. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या केसमध्ये कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र धरलाय, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं. त्यामुळे जाता येतं. तरी माझं मत, नोटीस आणि होस्टिंगची तक्रार दोन्ही करून झाल्याशिवाय जाऊ नका, वेबसाईटच्या मजकुरासाठी चौकीत खेटे घालण्यात धंद्याचाच वेळ जातो. नुकसान मोठं असेल, त्याच्यामुळे ऑर्डर गेल्याचे कागद असतील, तर दिवाणी दावा बरा. त्याच्या गावाला जायची गरज नाही, कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथं धंदा करता तिथल्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो. स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या (हे कलम ६३ वेगळ्या कायद्याचं) कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकिलाला आठवण करा.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये पण तुमचा माल डिझाईनचा आहे म्हणून सांगते. वर जे सगळं सांगितलं ते मजकूर आणि फोटोचं, कापडावरच्या डिझाईनचं नाही. मागावर ५० पेक्षा जास्त नग निघाले की त्या डिझाईनवरचा कॉपीराईट संपतो, त्याला डिझाईन कायदा २००० खाली वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, १० वर्षांचं मिळतं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण डिझाईन नवीन असली पाहिजे ही अट आहे, आणि फोटो वेबसाईटवर टाकला की ती जाहीर झाली. आम्ही आता नवीन चादरीचा फोटो अर्ज भरून झाल्यावरच चढवतो, तुम्हीही तुमच्या पुढच्या पडद्यांचं तसंच करा.