21 जूनला सावली दक्षिणेकडे पडली, यात आपले काहीही चुकलेले नाही

आपण खगोलशास्त्राच्या प्राथमिक परीक्षेची तयारी करत आहात. 21 जूनला पुण्यातील गच्चीवर आपण एक मीटर उंचीची काठी उभी केली. त्या दिवशी पावसाळी ढग बाजूला झाले, हे आपले भाग्यच म्हणायचे. 'या दिवशी दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' असे आपल्या पुस्तकात आहे. आपल्याला मात्र बारा वाजता सावली पश्चिमेकडे दिसली, साडेबारा उलटून गेल्यावर ती सर्वांत लहान झाली आणि तेव्हाही ती दक्षिणेकडे जेमतेम नऊ सेंटिमीटर पडलेली होती. काठी तिरपी होती की होकायंत्र बिघडले होते, असे आपण विचारले आहे. याच सावलीपायी माझे एक वर्ष गेलेले असल्याने उत्तर थोडे सविस्तर लिहितो. मी हौशी निरीक्षक आहे, व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नाही, आणि पुढील आकडे पूर्णांकात आणलेले आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

काठी सरळ होती आणि होकायंत्रही ठीक होते. 21 जूनला सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर, सुमारे 23.4 अंश उत्तर असते, म्हणजे त्या दिवशी तो फक्त कर्कवृत्तावर डोक्यावर येतो. पुण्याचा अक्षांश 18.5 अंश आहे. त्यामुळे मध्यान्ही सूर्य पुणेकरांच्या डोक्याच्याही पुढे, जवळपास पाच अंश उत्तरेला सरकलेला असतो, आणि एक मीटर काठीची सावली दक्षिणेकडे साडेआठ-नऊ सेंटिमीटर पडते. आपण मोजलेला आकडा गणिताशी इतका जुळतो की तो जपून ठेवावा. सावली पूर्ण नाहीशी व्हायची असेल तर सूर्याची क्रांती आपल्या अक्षांशाइतकी व्हावी लागते. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे हे वर्षातून दोनदा घडते, एकदा सूर्य उत्तरेकडे जाताना आणि एकदा परतताना. पुण्यात ते 13-14 मे आणि जुलैच्या शेवटी, मुंबईत 15-16 मे आणि 27-28 जुलै, कोल्हापुरात 6-7 मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तर नागपुरात 26 मे आणि 17 जुलैच्या सुमारास होते. दिल्लीत ते कधीच होत नाही. आपल्या पुस्तकातील वाक्य कर्कवृत्तावरील गावासाठी खरे आहे, पण पुस्तकाने ते सरसकट सर्वांना लागू केले आहे.

बारा वाजण्याचा घोटाळा वेगळा आहे. घड्याळातली भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची असते आणि पुणे 73.9 अंशांच्या जवळ आहे, म्हणून पुण्याची मध्यान्ह सरासरीने सुमारे 35 मिनिटे उशिरा होते. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि तिचा अक्ष कललेला असल्याने वर्षभर काही मिनिटांची भर किंवा घट होत राहते. नोव्हेंबरच्या आरंभी पुण्याची मध्यान्ह 12 वाजून 18 मिनिटांच्या सुमारास येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला ती 12 वाजून 49 मिनिटांपर्यंत लांबते.

आता माझ्या वर्षाविषयी. एका संस्थेच्या दूरस्थ प्रमाणपत्र परीक्षेत 'महाराष्ट्रात सूर्य वर्षातून किती वेळा बरोबर डोक्यावर येतो' असा प्रश्न होता. मी 'दोनदा' हा पर्याय निवडला. उत्तरतालिकेत 'एकदा, 21 जून' असे छापून आले. आक्षेप घेण्यासाठी प्रत्येक प्रश्नामागे शुल्क होते आणि ते परत मिळणार नाही, हे अर्जावरच ठळक अक्षरांत लिहिलेले होते. मी अक्षांश आणि क्रांती यांचे चार ओळींचे गणित आणि मे महिन्यातील सावलीची छायाचित्रे जोडली. कार्यालयाने सांगितले की गणित हा पुरावा धरला जात नाही, मान्यताप्राप्त पुस्तकाचे पान जोडावे. आणि मान्यताप्राप्त पुस्तक म्हणजे ज्यात ते चुकीचे वाक्य होते तेच. परीक्षा विभागाने अभ्यासक्रम विभागाकडे बोट दाखवले, अभ्यासक्रम विभागाने तज्ज्ञ समितीकडे, आणि समितीवर कोण आहे हे गोपनीय होते. शेवटी 'आक्षेप अमान्य' एवढ्या दोनच शब्दांचे उत्तर आले. पुढच्या पातळीच्या अभ्यासक्रमाला मला नेमका तोच एक गुण कमी पडला आणि त्याचे प्रवेश वर्षातून एकदाच होत असत. पुढील वर्षीच्या प्रश्नसंचातून तो प्रश्न मुकाट्याने गाळण्यात आला, गुण मात्र कोणालाच मिळाले नाहीत. सूर्याने उत्तर दिलेले असताना समितीला विचारत बसणे मला आजही अजब वाटते, आणि त्यातही त्या समितीतील कोणी भर मे महिन्यात दुपारी दारात येऊन स्वतःच्या पायाकडे पाहिले नसावे, याचे वाईट अधिक वाटते.

अशी वाक्ये पुस्तकांत शिरतात कशी, याबद्दल माझे मत थोडे तिखट आहे. आपली बरीच प्राथमिक पुस्तके युरोपातल्या अक्षांशांसाठी लिहिलेल्या मजकुरावरून तयार झालेली दिसतात. तिकडे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही आणि 21 जूनला सावली खरोखरच वर्षातली सर्वांत लहान असते. आपल्याकडे त्या दिवशी फक्त दिवस सर्वांत मोठा असतो, पुण्यात सव्वातेरा तासांच्या आसपास. उन्हाळ्याचेही तेच. आपला कडक उन्हाळा मे महिन्यात येतो, कारण सूर्य तेव्हा डोक्यावर असतो आणि आकाश मोकळे असते. जुलैअखेर तो पुन्हा डोक्यावर येतो, पण वर मोसमी ढगांचे छत असते. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा होतो असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की ती सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते आणि जुलैच्या आरंभी 15.2 कोटी किलोमीटरवर गेलेली असते.

मकर संक्रांतीचा प्रश्नही या परीक्षांमध्ये हमखास येतो. सूर्याचे उत्तरेकडे सरकणे 22 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. संक्रांत मात्र ताऱ्यांच्या संदर्भाने ठरते आणि 14 किंवा 15 जानेवारीला येते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलत सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो ती आकाशातील जागा, ताऱ्यांच्या तुलनेत दर 72 वर्षांना अंदाजे एक अंश मागे सरकतो. आज हा फरक 24 अंशांच्या आसपास साचला आहे आणि तारखांमधील अंतरही साधारण तितक्याच दिवसांचे आहे. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते, हे उत्तर परंपरेला धरून असले तरी खगोलीय दृष्ट्या बरोबर नाही.

निरीक्षण पुढे चालू ठेवणार असाल तर होकायंत्रावर फार विसंबू नका, कारण या वेळी ते ठीक चालले असले तरी गच्चीच्या स्लॅबमधील लोखंडी सळ्या त्याची सुई फिरवू शकतात. काठीभोवती एक वर्तुळ काढा, सकाळी सावलीचे टोक जिथे वर्तुळात शिरते आणि दुपारनंतर जिथून बाहेर पडते ते दोन बिंदू जोडा, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा मिळते. आपल्या जुन्या ग्रंथांतील शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, रीत हीच आहे आणि तिला साधनही लागत नाही. काठी उभी आहे की नाही हे ओळंब्याने पाहावे. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे, त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीची कडा जवळपास एक सेंटिमीटर पुसट असते. मिलिमीटरचा आग्रह धरू नये. याच कारणाने पुणे आणि कोल्हापूर यांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढण्याचा प्रयोग मला पटत नाही. दोन्ही गावांच्या अक्षांशांत 1.8 अंशांचाच फरक असल्याने एका गावी सावली शून्य असताना दुसऱ्या गावी ती तीन सेंटिमीटरच पडते, आणि तिच्यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तरी परीघ हजारो किलोमीटरने चुकतो. कन्याकुमारीला कोणी ओळखीचे असेल तर अवश्य करावा.

राहिला परीक्षेचा प्रश्न. संस्थांचे नियम निरनिराळे असतात, म्हणून हे केवळ माझे मत समजावे. दीर्घोत्तरी प्रश्न असेल तर निर्धास्तपणे खरे उत्तर लिहा आणि अक्षांश व क्रांती यांचे गणित तिथेच मांडा. पर्यायांचा प्रश्न असेल आणि तालिका त्या पुस्तकावरूनच होणार हे ठाऊक असेल, तर गुण हवा की खरे उत्तर, हे आपल्याला ठरवावे लागेल. मी पुन्हा 'दोनदा'च लिहीन, पण माझ्यापुढे आता कोणताही प्रवेश अडलेला नाही. आक्षेप घ्यायची वेळ आलीच तर गणितासोबत सूर्याची क्रांती दिलेल्या एखाद्या छापील पंचांगाचे पान जोडा, शुल्काची पावती सांभाळा आणि सगळा व्यवहार लेखी ठेवा. दूरध्वनीवर मिळालेल्या आश्वासनाची नोंद त्या कार्यालयात कुठेही नसते.